अनोळखी कुत्रा दिसताच उसळणारा कुत्रा: पावलांनी मोजायचे शिक्षण

आमचा खंड्या मुधोळ कुत्रीच्या पोटी जन्मला; बाप गल्लीतलाच कोणी असावा. तो दोन महिन्यांचा असताना येळ्ळूरच्या शिवारातून आम्ही त्याला बेळगावच्या टिळकवाडीत आणले. घरात तो मुलांच्या अंगावर लोळतो आणि दूधवाल्याच्या सायकलीची घंटा ओळखून फाटकाशी जाऊन उभा राहतो. पण दीड वर्षाचा झाल्यावर सकाळच्या फेरीत अनोळखी कुत्रा दिसला, की तो मागच्या दोन पायांवर उभा राहून, पट्ट्यावर सगळ्या अंगाचा भार टाकून, घसा बसेपर्यंत भुंकू लागला. एकदा पट्ट्याची कडी तुटली आणि समोरच्या बिचाऱ्या कुत्र्याचा कान फाटला. त्या दिवसापासून पुढच्या आठ महिन्यांत आम्ही जे शिकलो, ज्यात चुकलो आणि जे पुन्हा शिकलो, ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या आपल्या माणसांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अंतर. समोरचा कुत्रा किती पावलांवर आहे, यावर आपला कुत्रा काही शिकू शकेल की नाही हे ठरते.

आधी हे वागणे नेमके कशातून येते, ते समजून घ्यावे. बाहेरून सारखाच दिसणारा हा आवेश दोन निराळ्या कारणांनी उफाळतो. काही कुत्र्यांना समोरच्या कुत्र्यापर्यंत पोहोचायचे असते. पिल्लूपणी प्रत्येक कुत्र्याशी खेळू दिलेले असते आणि आता पट्टा आडवा येतो, म्हणून अडवलेल्या उत्साहाचे रूपांतर चिडण्यात होते. अशा कुत्र्याचे अंग सैल असते, तो किंचाळल्यासारखा भुंकतो आणि पुढचे पाय आपटतो. काही कुत्र्यांना मात्र समोरचा कुत्रा दूर जायला हवा असतो. मनात भीती असते आणि पट्ट्यामुळे पळता येत नाही, म्हणून ते आधी चाल करून जातात. त्यांचे अंग ताठ होते, तोंड मिटते, नजर एका जागी खिळते आणि भुंकणे घशातून खोल येते. पाठीवरचे केस उभे राहणे हे दोन्हींत दिसते, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये. शेपटीचेही तसेच आहे. उंच धरलेली आणि ताठपणे थरथरणारी शेपूट हे मैत्रीचे लक्षण नव्हे, हे पुष्कळ मालकांना ठाऊक नसते आणि 'आमचा काही करत नाही हो' असे म्हणत ते पट्टा सैल सोडतात.

बहुतेक कुत्र्यांत ही दोन्ही कारणे कमीअधिक प्रमाणात मिसळलेली असतात. सुदैवाने शिकवण्याची पद्धत दोन्हींसाठी जवळपास एकच आहे; फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यात, दोन कुत्र्यांची प्रत्यक्ष भेट घडवावी की नाही हे ठरवताना.

आधी पशुवैद्य, मग घरातली व्यवस्था

वागणे अचानक बदलले असेल तर शिकवण्याआधी कुत्र्याला पशुवैद्याला दाखवावे. खुब्याचे दुखणे, कानातला संसर्ग, किडलेला दात, गोचिडांमुळे येणारा ताप किंवा थायरॉइडचा विकार असेल, तर ज्या कुत्र्याने काल दुर्लक्ष केले असते तोच आज अंगावर जातो. दुखऱ्या कुत्र्याला दुसऱ्याचा धक्का लागण्याची धास्ती असते. नसबंदीविषयीही तिथेच मोकळेपणाने विचारावे. नर कुत्र्यांच्या आपसांतल्या चुरशीवर तिचा काही वेळा उपयोग होतो, पण भीतीतून येणारी आक्रमकता केवळ शस्त्रक्रियेने जात नाही, आणि ती जाईल या आशेवर शिकवणे पुढे ढकलू नये.

आता घराकडे वळू. आपल्याकडे कुत्रा फाटकाशी साखळीने बांधून ठेवण्याची किंवा दिवसभर गच्चीवर सोडण्याची सवय फार जुनी आहे. तिथे काय घडते ते एकदा तासभर शांतपणे बसून पाहावे. रस्त्यावरून कुत्रा जातो, आपला कुत्रा भुंकतो, तो कुत्रा आपल्या वाटेने निघून जातो. तो जाणारच होता. पण आपल्या कुत्र्याच्या हिशेबी भुंकल्यामुळे गेला. असा विजय दिवसातून वीस वेळा मिळत असेल, तर संध्याकाळी आपण पंधरा मिनिटे दिलेल्या धड्याचा टिकाव कसा लागावा? म्हणून पहिले काम म्हणजे फाटकाला खालच्या दोन-अडीच फुटांपर्यंत पत्रा किंवा जाड कापड लावून बाहेरचे दिसणे बंद करणे आणि आपण घरात नसताना कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवणे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार कायम साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेल्या कुत्र्याचा साचलेला ताण त्याच्या पहिल्या झेपेतच बाहेर पडतो, हे आम्ही आमच्याच अंगणात पाहिले आहे.

झोपेकडे लक्ष द्यावे. प्रौढ कुत्र्याला दिवसभरात १२ ते १४ तासांची विश्रांती लागते आणि माणसांनी भरलेल्या घरात ती बहुधा मिळत नाही. अति उत्तेजित कुत्र्याला दमवण्यासाठी तासभर चेंडू फेकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने शरीर दमते, पण उत्तेजना उतरत नाही. उलट अशा खेळानंतर लगेच बाहेर पडलेला कुत्रा अधिक लवकर भडकतो. त्याऐवजी त्याला नाकाचे काम द्यावे. जुन्या गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवावेत, अंगणातल्या गवतात त्याचे अर्धे जेवण विखरून टाकावे. वीस मिनिटे हुंगत फिरलेला कुत्रा निवांत होऊन आडवा पडतो, हे कोणीही करून पाहावे.

साधने

पट्टा साधारण दोन मीटरचा, कापडी आणि जाड विणीचा असावा. बटण दाबून लांबणारा पट्टा या कामी मुळीच वापरू नये, कारण त्यात ऐन वेळी अंतर आपल्या हाती राहत नाही. छातीवर कडी असलेले हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारे पट्टे, उत्तम, कारण कुत्रा पुढे झेपावला की त्याचे अंग आपोआप आपल्याकडे वळते आणि घशावर दाब पडत नाही. मुधोळसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्याचा साधा गळपट्टा तो मागे सरकताना कानांवरून सहज निसटतो, म्हणून अशा कुत्र्याला हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घालून ते एका छोट्या दोरीने जोडून घ्यावेत. कड्या दर आठवड्याला तपासाव्यात. आमच्या कडीला पडलेली चीर आम्ही पाहिली नव्हती, आणि त्याची किंमत एका निरपराध कुत्र्याने मोजली.

आवळणारी साखळी, आतून काटे असलेला गळपट्टा आणि विजेचा झटका देणारा पट्टा यांविषयी माझे मत ठाम आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे. कुत्रे शिकवणाऱ्या एका गृहस्थांच्या सांगण्यावरून आम्ही तीन आठवडे साखळीला हिसके दिले. खंड्याचे गुरगुरणे थांबले आणि आम्हाला तो सुधारला असे वाटले. मग एके दिवशी त्याने कसलीही सूचना न देता दात लावले. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेला इशारा असतो. तो शिक्षेने बंद केला, तर मनातली भीती तशीच राहते आणि इशारा तेवढा जातो. शिवाय दरवेळी दुसरा कुत्रा दिसताच गळ्याला कळ येत असेल, तर कुत्रा त्या कळेचा संबंध आपल्या वागण्याशी न लावता समोरच्या कुत्र्याशी लावतो, आणि वैर वाढते.

ज्या कुत्र्याने एकदा जरी चावा घेतला आहे त्याला मुसके घालायला शिकवावे. मळणीच्या वेळी बैलांना मुसके बांधताना आपण लहानपणापासून पाहिले आहे, त्यामुळे शब्द परका नाही. परंतु कुत्र्यासाठी ते जाळीच्या टोपलीसारखे असावे, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल आणि जाळीतून खाऊ घेता येईल. जबडा आवळून बंद करणारे कापडी मुसके फिरायला नेताना घालू नये, कारण कुत्रा आपले अंग तोंडावाटे थंड करतो आणि ते बंद झाले तर उन्हात जिवावर बेतू शकते. सुरुवातीचे काही दिवस मुसक्याच्या तळाशी खाऊ ठेवून कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्यावे, मग क्षणभर पट्टा लावावा, मग मिनिटभर. या कामाला दोन आठवडे लागले तरी घाई करू नये.

खाऊ असा असावा, की जो एरवी घरात मिळत नाही. मीठमसाला न घालता उकडलेली कोंबडी, काळीज, अंडे किंवा पनीर यांचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करावेत आणि तेवढे रोजच्या जेवणातून वजा करावेत. लाडाने कुंद्याचा तुकडा देणारी घरे मला ठाऊक आहेत. साखरेचे हे पदार्थ टाळावेत. बेदाणे, द्राक्षे, कांदा, लसूण आणि चॉकलेट ही तर कुत्र्याला विषासमान आहेत.

शांततेचे अंतर शोधणे

हा या संपूर्ण कामाचा पाया असल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो. प्रत्येक कुत्र्याचे असे एक अंतर असते, जिथून त्याला दुसरा कुत्रा दिसतो, तो कान टवकारतो, पण नाव घेतल्यावर मान वळवतो आणि हातातला खाऊ हळुवार ओठांनी घेतो. तेच त्याचे शांततेचे अंतर. तो बोटांना दात लागतील इतक्या जोराने खाऊ ओढू लागला, तर आपण हद्दीवर आलो आहोत असे समजावे. आणि कोंबडीचा तुकडा नाकाशी धरूनही त्याने पाहिलेच नाही, तर आपण फार जवळ गेलो आहोत आणि त्या क्षणी शिकवण्यासारखे काही उरलेले नाही. भडकलेल्या कुत्र्याच्या कानावर हाका पडतात, पण त्या पोहोचत नाहीत. तो हट्टी झालेला नसतो. त्याचे शरीर झुंजीसाठी सज्ज झालेले असते आणि तशा अवस्थेत खाणे, हुंगणे, आज्ञा ऐकणे ही सगळी दारे मिटतात. ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणे, एक पाय उचलून थबकणे, ही त्याआधीची लहान लक्षणे असतात. ती वाचता येऊ लागली, की झेप येण्याआधी आपल्याला दोन-तीन सेकंद मिळतात आणि तेवढे पुरतात.

खंड्याचे हे अंतर सुरुवातीला साठ पावले निघाले. मुधोळ ही नजरेने शिकार करणारी जात आहे. दूरची हालचाल तिचे डोळे आधी टिपतात, म्हणून अशा कुत्र्याचे अंतर लॅब्रॅडोरच्या मालकाला वाटेल त्यापेक्षा बरेच जास्त असू शकते. साठ पावले गल्लीत मिळत नाहीत. म्हणून जागा निवडणे हेच निम्मे काम ठरते. भात कापून झाल्यावर येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या बाजूची शिवारे मोकळी होतात आणि बांधावर उभे राहिले तर दूरवरचा कुत्राही वेळेवर दिसतो. निपाणी-चिकोडीकडे ऊस उभा असताना मात्र शेतरस्ता टाळावा, कारण पुरुषभर वाढलेल्या उसाच्या कोपऱ्यावरून वळताच कुत्रा चार पावलांवर समोर ठाकतो. त्यापेक्षा भुईमुगाच्या किंवा तंबाखूच्या शेतांमधली वाट बरी. शहरात रविवारी पहाटे रुंद रस्ते मोकळे असतात. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा तळवा पाच सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल, तर कुत्र्यालाही सोसत नाही.

एक वही करावी. तारीख, जागा, समोरच्या कुत्र्याचा आकार, तो चालत होता की बसला होता, अंतर किती पावले, आणि आपल्या कुत्र्याने खाऊ घेतला की नाही, एवढेच लिहावे. आठवणीवर विसंबले तर वाईट दिवस तेवढे लक्षात राहतात.

मुख्य सराव

जागेवर पोहोचल्यावर कुत्र्याला दहा मिनिटे मनसोक्त हुंगू द्यावे. मग ओळखीच्या कोणाला तरी त्यांचा शांत कुत्रा पट्ट्याने बांधून शांततेच्या अंतराच्याही थोडे पलीकडे उभे करायला सांगावे. आपल्या कुत्र्याने त्या कुत्र्याकडे पाहिले, की पाहिल्यानंतर लगेच खाऊ द्यावा, आणि तो कुत्रा दिसतो आहे तोपर्यंत एकामागून एक तुकडे देत राहावे. तो कुत्रा झाडाआड किंवा गाडीआड गेला, की खाऊही बंद. क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. आधीच खाऊ पुढे केला तर खाऊ म्हणजे संकटाची चाहूल असे उलटेच शिकणे होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हाच क्रम होता. अन्नाआधी येणारी खूण कुत्र्याला अन्नाइतकीच हवीशी होते. आपल्याला अनोळखी कुत्र्याला ती खूण बनवायचे आहे.

इथे कोणतीही आज्ञा देऊ नये. 'बस' म्हणून दामटून बसवलेला कुत्रा बाहेरून शांत दिसतो आणि आतून तसाच पेटलेला राहतो. एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून तीन-चार दिवस एवढा सराव पुरे. काही दिवसांनी असे घडते, की कुत्रा समोर पाहतो आणि आपणहून वळून आपल्या तोंडाकडे बघतो, जणू 'तो बघ, आला. माझा तुकडा कुठे आहे?' असे विचारतो. खंड्याने प्रथम असे पाहिले तेव्हा माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले होते. तिथून पुढे त्याच्या वळण्याच्या क्षणी 'शाब्बास' म्हणावे आणि मग खाऊ द्यावा.

शब्दांविषयी आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या घरांत आजी 'ये' म्हणते, शेजारचे 'बा' म्हणतात आणि मुले 'कम' म्हणतात. माणसाला तिन्ही भाषा येतात, कुत्र्याला मात्र ती तीन वेगळी कोडी असतात. घरातल्या सर्वांनी प्रत्येक कामासाठी एकच शब्द ठरवून भिंतीवर लिहून ठेवावा. भाषा कोणतीही चालेल.

अंतर कमी करताना आमचा नियम असा होता: लागोपाठ तीन दिवस सर्व काही शांतपणे झाले, तरच पाच पावले पुढे, एकदा जरी झेप आली, तर दहा पावले मागे. समोरचा कुत्रा उभा होता तो चालू लागला, चालत होता तो धावू लागला, गप्प होता तो भुंकू लागला, तर हा नवा धडा समजून अंतर पुन्हा वाढवावे. एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी. बहुतेक मालक इथेच घाई करतात, आणि आम्हीही केली. चाळीस पावलांवर आल्याच्या आनंदात एकदम पंधरावर गेलो आणि महिन्याभराची मेहनत गेली.

अवचित समोर आला तर

रस्ता आपल्या मर्जीने चालत नाही, म्हणून निसटण्याचा एक मार्ग आधीच शिकवून ठेवावा. घरातल्या ओसरीवर चालता चालता आनंदी आवाजात 'फीर' म्हणावे, उलट दिशेला वळावे आणि कुत्रा आपल्यासोबत वळताच खाऊ द्यावा. रोज दहा वेळा, दोन आठवडे. हे अंगवळणी पडल्यावरच बाहेर वापरावे. वळायला जागा नसेल तर उभ्या रिक्षाच्या किंवा कारच्या आड जावे आणि मूठभर खाऊ जमिनीवर विखरून टाकावा; मान खाली घालून हुंगणारा कुत्रा समोर एकटक पाहू शकत नाही. पट्टा कुत्रा दिसताच आखडू नये. आपल्या हाताचा ताण पट्ट्यावाटे त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि काहीतरी भयंकर येत आहे, ही त्याची शंका पक्की होते.

समोरून येणाऱ्याला थांबवायचे असेल तर स्पष्ट बोलावे. 'थोडं थांबा, कुत्रा सोडू नका' हे मराठीत, आणि 'स्वल्प निल्री, नायी बिडबेड्री' हे कन्नडमध्ये, दोन्ही तोंडात तयार ठेवावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मोकाट कुत्रा जवळ येत असेल तर आपण दोघांच्या मध्ये उभे राहावे, धावू नये, आणि खाऊची मूठ त्याच्या दिशेने लांब फेकावी. दगड उचलल्याचा आविर्भाव केला तर तो मागे हटतो हे खरे, पण त्या गोंधळात आपला कुत्रा दुप्पट भडकतो. पावसाळ्यात हाती असलेली छत्री खाली धरून हळूच उघडली तर चांगला आडोसा होतो. मात्र छत्रीची ओळख आपल्या कुत्र्याला घरीच करून दिलेली असावी.

गल्लीतल्या कुत्र्यांना शत्रू समजू नये. त्यांच्या वस्त्या ठरलेल्या असतात, त्या लक्षात ठेवून आपला मार्ग आखावा. कानाचा कोपरा कापलेला कुत्रा म्हणजे नसबंदी आणि लसीकरण होऊन आपल्या जागी परत सोडलेला कुत्रा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे त्याला त्याच भागात सोडावे लागते, त्यामुळे तो तिथेच भेटणार हे गृहीत धरता येते. भाद्रपदात मात्र सगळे हिशेब चुकतात. त्या दिवसांत कुत्र्यांचे घोळके नव्या वाटांवर फिरतात, आपसांत भांडतात, आणि गणेशोत्सवातल्या फटाक्यांनी आधीच बिथरलेला आपला कुत्रा त्यांच्यासमोर टिकत नाही. ताण एकावर एक साचत जातो. सकाळी फटाका, दुपारी पाहुणे, संध्याकाळी कुत्रा, अशा दिवशी त्याचे शांततेचे अंतर साठावरून शंभरावर जाते. त्या दिवशी सराव करू नये, घरातच हुंगण्याचे खेळ द्यावेत. खानापूरकडच्या मुसळधार पावसात तर आठ-आठ दिवस हेच करावे लागते आणि त्याने काही बिघडत नाही. पुढे थंडीत गल्लोगल्ली पिल्ले घातलेल्या कुत्र्या असतात. त्यांच्या आसऱ्यापासून वाट दूर ठेवावी.

सोबत चालवणे

अंतर वीस-पंचवीस पावलांवर स्थिरावल्यावर ओळखीच्या शांत कुत्र्यासोबत समांतर चालण्याचा सराव सुरू करता येतो. रस्त्याच्या किंवा शेताच्या दोन कडांनी, एकाच दिशेने, दोन्ही माणसे आतल्या बाजूला आणि कुत्रे बाहेरच्या बाजूला, असे पंधरा मिनिटे चालावे. मग एका कुत्र्याला थोडे पुढे जाऊ द्यावे आणि त्याने जिथे लघवी केली ती जागा दुसऱ्याला निवांत हुंगू द्यावी. कुत्र्यांची खरी ओळख डोळ्यांपेक्षा अशा वासांतून होते. असे पाच-सहा दिवस गेल्यावर कडा जवळ आणाव्यात. भेट घडवायचीच असेल तर समोरासमोर नको. कमानीसारखे वळण घेऊन, पट्टे सैल ठेवून, तीन सेकंद मागून हुंगू द्यावे आणि हसत हाक मारून बाजूला घ्यावे. उत्साहाने उसळणाऱ्या कुत्र्याला याचा आनंद मिळतो. भीतीने उसळणाऱ्या कुत्र्याला अशा भेटीची गरज नसते, आणि दुसऱ्या कुत्र्याजवळून शांतपणे जाता येणे एवढेच त्याच्यासाठी पुष्कळ आहे.

झुंज लागलीच तर

मध्ये हात घालून गळपट्टा ओढू नये. माणसाला बहुतेक चावे याच वेळी बसतात. आधी बादलीभर पाणी ओतावे, किंवा दोघांच्या तोंडांमध्ये फळी, खुर्ची, सुपासारखे काही आडवे सारावे. तेही जमले नाही, तर दोन्ही माणसांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय मांडीजवळ धरून, हातगाडी मागे ओढावी तसे मागे आणि वळण घेत ओढावे. सुटल्यावर पुन्हा समोरासमोर येऊ देऊ नये. केसाळ कुत्र्याच्या अंगावर दातांनी झालेल्या जखमा वरून लहान दिसतात आणि आत खोल असतात, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी आहे, तो खेड्यांत राहणाऱ्यांनी लिहून ठेवावा.

माणसाला दात लागला, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. दंडाच्या स्नायूत घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे ०, ३, ७ आणि २८. रक्त आले असेल तर जखमेभोवती वेगळे इंजेक्शन लागते, ते टाळू नये. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस देऊन पुढे पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीत ती नेमाने द्यावी आणि कार्ड जपून ठेवावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्यांच्या कुत्र्याचा कान खंड्याने फाडला, त्यांच्या घरी आम्ही त्याच संध्याकाळी गेलो, उपचाराचा खर्च दिला आणि क्षमा मागितली. पुढे सरावासाठी दूर उभे राहायला त्यांनीच आपला कुत्रा आणला.

आज आमच्या वहीत शेवटची नोंद चौदा पावलांची आहे: चालता कुत्रा, मध्यम आकाराचा, खंड्याने पाहिले, वळला, खाऊ ओठांनी घेतला. दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या अरुंद गल्लीत आम्ही अजून जात नाही. तिथे दहा पावलेसुद्धा मिळत नाहीत.